हवं तेव्हा ऐकू येतं

कान, नाक आणि घसा या तिघांना मिळून एकच डॉक्टर का, असा प्रश्न मला पुतणीमुळे पडला. त्याआधी पडायचं कारणच नव्हतं. आमच्या घरात कान दुखला की तेल, नाक चोंदलं की वाफ आणि घसा बसला की मिठाच्या गुळण्या, एवढं वैद्यकशास्त्र पिढ्यानपिढ्या पुरलं. या तीन दुखण्यांचं आतून काही साटंलोटं असेल, अशी शंका कोणाला आली नाही.

मी दिवा पूर्वेला साबे रोडला दादा-वहिनींकडे राहतो. नोकरी ऐरोलीला, कायमची रात्रपाळी. हेडफोन लावून परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या आणि सकाळी घरी येऊन झोपायचं. दादा सातच्या आत लोकल गाठतो, वहिनी त्याच्या पाठोपाठ निघते. म्हणजे दिवसा घरात मोठं माणूस मीच, मग जागा असो की झोपलेला. त्यामुळे ओवीला शाळेतून आणणं, जेवायला वाढणं आणि वेळ आली की दवाखान्यात नेणं ही कामं ओघानेच माझ्याकडे आली. ओवी पाच वर्षांची, सीनियर केजीत. मी सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा. लहान मुलांबद्दलचं माझं ज्ञान बेतास बात.

तिच्याबद्दलची तक्रार शाळेच्या डायरीतून आली: लक्ष देत नाही, सांगितलेलं दोनदा-तीनदा सांगावं लागतं. घरातही तेच होतं. टीव्हीचा आवाज वाढवायची, हाक मारली तर ढिम्म, प्रत्येक वाक्यानंतर ‘काय?’ पण वहिनी स्वयंपाकघरात ‘कुल्फी’ एवढंच पुटपुटली, की बाई हजर. त्यामुळे घरात, जिन्यात आणि शेजारच्या काकूंच्या दारात एकच निकाल लागलेला होता: ‘हिला हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं.’ आणि गंमत म्हणजे या निकालाला पुरावा भरपूर होता. एक दिवस सगळं ऐकायची, दुसऱ्या दिवशी काही नाही. समोर बसून बोललं तर चटाचट उत्तरं, पाठीमागून हाक मारली तर शून्य. असलं वागणं पाहून आजार कोणाच्या डोक्यात येणार?

गावाहून, कणकवलीजवळून, आईचा फोनवर उपाय तयार होता. ‘तिच्या कानात लसणीचा कडवलेला त्याल घाल मरे, बरा वाटतला.’ शेजारच्या काकूंनी ओव्याची पुरचुंडी आणून दिली. सर्दी तर तिला सारखीच असायची, त्यामुळे सिरपच्या बाटल्या फ्रिजच्या दारात कायम मुक्कामाला. शेवटी वहिनीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं, त्यांच्या भाच्याचं असंच होतं, एकदा कान तपासून घ्या.

दिव्यात राहणाऱ्याला तज्ज्ञ डॉक्टर म्हटलं की गाडीने जायचं असतं. एका बाजूला मुंब्र्यापुढे कळवा, तिथे महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं. दुसऱ्या बाजूला कोपरनंतर डोंबिवली. दादाच्या ओळखीने डोंबिवली ठरली. दुपारी गर्दी उतरल्यावर धीमी गाडी पकडली आणि ओवीला खिडकी मिळाल्यामुळे प्रवास शांततेत झाला.

त्या दवाखान्यातल्या बाकावर बसून मी जेवढं शिकलो, तेवढं शाळेत शरीरशास्त्राच्या धड्यातही शिकलो नव्हतो. आमच्या शेजारी एक बाई तीनेक वर्षांच्या मुलाला घेऊन बसल्या होत्या. त्याच्या एकाच नाकपुडीतून शेंबूड वाहत होता आणि त्याला वास येत होता. बाई म्हणाल्या, सर्दी जातच नाही. काउंटरवरच्या ताईंनी नाव लिहितालिहिताच त्यांना पुढचा नंबर दिला. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला आणि मग बाई कागदात गुंडाळलेला स्पंजचा तुकडा घेऊन बाहेर आल्या. उशीतला, पोराने कधीतरी नाकात घातलेला. सर्दी दोन्ही नाकपुड्यांतून वाहते. लहान मुलाची एकच नाकपुडी वाहायला लागली आणि घाण वास आला, तर आत काहीतरी अडकलंय असंच धरून चालायचं, असं ताईंनी सगळ्या बाकाला ऐकवलं. हरभरा, वाटाणा, चिंचोका गेला असेल तर पाणी घालायचं नाही, तो फुगतो. चिमट्याने घरी ओढायचं नाही, तो आणखी आत जातो. आणि खेळण्यातला बटणासारखा गोल सेल गेला असेल तर नंबर, वेळ, उद्या असलं काही बघायचं नाही. तो काही तासांतच आतली कातडी जाळतो.

पलीकडे एका शाळकरी मुलाच्या नाकातून रक्त येत होतं. वडिलांनी त्याची मान मागे करून कपाळावर ओला रुमाल ठेवला होता. आमच्याकडेही हेच करतात. ताई उठून आल्या, मुलाची मान पुढे वाकवली, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांत धरून दाबला आणि वडिलांना म्हणाल्या, ‘असंच दहा मिनिटं. मधेच सोडून बघायचं नाही. मान मागे केली की रक्त घशात जातं, पोटात जातं, मग उलटी होते.’ वडील मोबाइलच्या घड्याळाकडे बघत नाक धरून बसले आणि रक्त थांबलं. कबड्डीत नाकावर कोपर बसलेला एक कॉलेजचा मुलगा होता, नाकाचा पडदा वाकडा झालेला. आणखी एकाच्या कानात रात्रंदिवस शिट्टी वाजत होती. तो कानात इअरफोन ठोकून रोज लोकलने जायचा. गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत न्यायचा आणि उतरल्यावर तो कमी करायचं विसरायचा. भिंतीवरच्या तक्त्यावर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिहिली होती: मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांसाठी तेवढाच वेळ ७५ डेसिबल. माझी पाळीही आठवड्याला जवळपास तेवढ्याच तासांची. मी खिशातले इअरबड खिशातच ठेवले.

आमचा नंबर आला. डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, ‘तुम्ही बाबा?’

‘नाही, काका. दादा-वहिनी कामावर आहेत.’

‘मग तुम्हीच नीट ऐका. घोरते का ही रात्री?’

मी गडबडलो. मी कानासाठी आलो होतो आणि रात्री मी घरात नसतो. तिथूनच वहिनीला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. घोरते? हो, मोठ्या माणसासारखी. तोंड उघडं ठेवून झोपते? कायम. मधेच श्वास अडल्यासारखा होऊन दचकते? कधीकधी. सकाळी उठल्यावर किरकिर? रोज. वहिनीला वाटत होतं की ही सगळी सर्दीची लक्षणं. डॉक्टरबाईंनी सगळं टिपून घेतलं आणि मगच दिवा असलेलं छोटं यंत्र कानाला लावलं. दोन्ही पडदे निस्तेज, पिवळसर आणि एका पडद्यामागे बुडबुडे दिसत होते. त्यांनी मलाही स्क्रीनवर चित्र दाखवलं. मला कान म्हणजे मळ एवढंच माहीत. इथे मळाचा पत्ता नव्हता.

‘कानात पाणी साठलंय,’ त्या म्हणाल्या.

‘पण मॅडम, ती तर बालदीने आंघोळ करते. पोहायला वगैरे कुठे जातच नाही.’

हे पाणी बाहेरून गेलेलं नव्हतंच. कानाच्या पडद्यामागे हवेची एक छोटी पोकळी असते, मध्यकर्ण. तिथली हवा खेळती ठेवायला एक नळी असते. ती नाकाच्या मागे, टाळूच्या वर उघडते. सोळाव्या शतकात बार्तोलोमिओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, म्हणून ती युस्टेशियन नळी. आपण गिळतो, जांभई देतो, तेव्हा ती क्षणभर उघडते. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळात जवळपास निम्मी आणि बरीचशी आडवी. त्यामुळे लहानपणी ती चटकन तुंबते. नळी तुंबली की पोकळीतली हवा शोषली जाते, नवी येत नाही आणि आतल्या अस्तरातून द्रव झिरपून साठतो. पू नाही, ताप नाही, ठणका नाही. म्हणून मूल तक्रार करत नाही. ढोलकीत पाणी भरून थाप मारली तर जो आवाज येईल, तसा तिला सगळा आवाज येत असणार, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

आणि नळी का तुंबते? तर तिच्या तोंडाशेजारीच नाकामागे अ‍ॅडिनॉइड नावाची गाठ असते. टॉन्सिलची सख्खी बहीण, फक्त तोंड उघडून दिसत नाही. ती सगळ्यांनाच असते, सहा-सात वर्षांपर्यंत वाढते आणि वयात येईपर्यंत आपोआप आटते. पण काही मुलांत एवढी मोठी होते, की नाकाची वाट अडते. मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं आणि कानाची नळीही बंद पडते. कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर या डॉक्टरांनी १८६८ साली हे जगापुढे मांडलं, की नाकामागच्या या वाढीमुळे मुलांचं नाक बंद राहतं आणि त्यांना ऐकूही कमी येतं. म्हणजे आमच्या ओवीचं दुखणं दीडशे वर्षांपूर्वीच पुस्तकात नोंदलेलं होतं. कानासाठी आलेल्या मुलीच्या नाकाचा बाजूने एक्सरे काढायला का सांगितलं, तेही आता कळलं. एक्सरेत नाकामागची हवेची काळी पट्टी एका जागी अगदी दोऱ्याएवढी उरली होती.

मग श्रवणचाचणी. आधी कानात मऊ रबरी टोक लावून यंत्राने हवेचा दाब कमीजास्त केला. पडदा हलतो की नाही हे त्यात बघतात. निरोगी कानाच्या आलेखाला टोक येतं. ओवीच्या दोन्ही आलेखांची रेष सपाट होती. त्याला बी टाइप म्हणतात. ते ऐकून मला क्षणभर रक्तगट आठवला.

पुढची चाचणी काचेची खिडकी असलेल्या बंद खोलीत. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी ओवीला मोठे हेडफोन लावले, समोर एक डबा आणि रंगीत ठोकळे ठेवले. टिंग ऐकू आलं की ठोकळा डब्यात टाकायचा. ओवी ठोकळा गालाशी धरून बसली. ताई इकडे बटण फिरवत होत्या. मोठ्या आवाजाला ठोकळा पडायचा, मग आवाज उतरवत न्यायच्या आणि एका जागी ठोकळा पडायचा थांबायचा. ओवी तशीच, डोळे मोठे करून, टिंगची वाट बघत. ताईंनी एक हेडफोन माझ्याकडे दिला. ‘हा आवाज ऐका.’ मला तो स्वच्छ ऐकू येत होता. काचेपलीकडे ठोकळा गालालाच होता.

कागदावर उजव्या कानाचे लाल गोल आणि डाव्याच्या निळ्या फुल्या आल्या. उजवा ३५, डावा ३०. मला वाटलं शंभरपैकी. ताई हसल्या. हे डेसिबल. इथे आकडा जितका कमी तितका कान चांगला आणि आलेखात वर असणं म्हणजे बरं असणं. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, जवळून साधं बोलणं ६०च्या आसपास. मी हिशेब मांडला: बोलणं साठाचं, अडसर पस्तिसाचा, मग ऐकू तर येतंच की!

‘येतं ना. म्हणून तर कोणाच्या लक्षात येत नाही,’ ताई म्हणाल्या आणि त्यांनी तोंडापुढे कागद धरून हळू आवाजात शब्द म्हटले. ताट. पाट. खाट. ओवीने तिन्हीला ‘पाट’ म्हटलं. कागद बाजूला केला, तेव्हा ती त्यांच्या ओठांकडे बघत होती आणि उत्तरं बरीचशी सुधारली. ‘आ’चा आवाज दणकट असतो, तो पोचतो. त, ख, स, फ हे आवाज मुळात नाजूक, तेच गळतात. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. वर्गात बाई फळ्यापाशी, ओवी मागच्या बाकावर, मधे बाकीच्या पोरांचा कलकलाट आणि वर पंखा. त्यातून तिच्यापर्यंत वाक्य पोचायचं ते भोकं पडलेलं.

म्हणजे ‘हवं तेव्हा ऐकू येतं’ यातला ‘हवं’ तिच्या हातात नव्हताच. जवळून, शांततेत, समोर तोंड असताना आणि ओळखीचा शब्द असला की ऐकू यायचं. सर्दी ओसरली की द्रव थोडा कमी व्हायचा आणि त्या दिवशी ती गुणी मुलगी असायची. पुन्हा नाक भरलं की पुन्हा डायरीत शेरा. कुल्फीचं म्हणाल तर तिथे शब्द ऐकायची गरजच नव्हती. फ्रीझरचं दार उघडताना तिला दिसायचं. पूर्ण बहिरेपण चार दिवसांत घरच्यांच्या लक्षात येतं. हे असं अर्धंमुर्धं, आज आहे उद्या नाही असं कमी ऐकू येणं मात्र मुलाच्या स्वभावावर ढकललं जातं, कारण ते दिसतंच हट्टासारखं.

कानामागच्या हाडावरून दिलेला आवाज ओवीला उत्तम ऐकू आला. म्हणजे आतली नस शाबूत, अडथळा फक्त मधल्या भागात. नसेचं बहिरेपण असतं तर गोष्ट वेगळी होती, ताई सांगत होत्या. तिथे जन्मापासूनचं घड्याळ चालू असतं: पहिल्या महिन्यात बाळाची चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, कारण बोलणं शिकायचं वय थांबत नाही. त्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रिया भारतात रुजवणाऱ्यांपैकी एक, डॉ. मिलिंद कीर्तने, मुंबईचेच. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली. हे सगळं आपल्यापासून लोकलच्या अंतरावर आहे, हे मला त्या दिवशी प्रथम कळलं.

मी औषधांची चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘तीन महिने थांबायचं.’

‘अँटिबायोटिक?’

‘हा पू नाही. उपयोग नाही.’

‘सर्दीचं सिरप?’

‘कानातल्या पाण्यावर त्याचाही नाही.’

‘मग?’

‘पुष्कळ मुलांचं पाणी या मुदतीत आपलं आपण ओसरतं. तोवर काय करायचं ते लिहून देते.’

इतकी फी देऊन थांबायचा सल्ला घेऊन आलो, यावर घरी बरीच चर्चा झाली. दादाचं म्हणणं, दुसरा डॉक्टर बघू. वहिनीने चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली आणि विषय संपवला. अ‍ॅडिनॉइड आणि सर्दीसाठी नाकात मारायचा फवारा होता. तो मारण्याचीही रीत आहे: मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजवीत, म्हणजे फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर न आदळता बाजूला जातो. जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात. कानात तेल, काडी, बड काही नाही. घरात धूर नाही. या कलमावर दादाची गॅलरीतली सिगारेट गेली आणि डासांची कॉइलही गेली. दिव्याचं डम्पिंग ग्राउंड बंद झालं असलं तरी संध्याकाळी कुठेतरी कोणीतरी कचरा पेटवतोच. तेव्हा खिडकी लावायची. ओवीशी बोलताना आधी तिच्यासमोर जायचं, मग बोलायचं. शाळेत पहिला बाक मागायचा. आणि नाकाने फुगा फुगवायचा! एका नाकपुडीला नळी लावून, दुसरी दाबून, फुगा फुगवायचा, म्हणजे दाबाने कानाची नळी उघडते. ब्रिटनमध्ये शाळकरी मुलांवर याचा अभ्यास झालाय आणि काहींना फायदा झालाय. ओवीला हा उपचार इतका आवडला, की जिन्यातली सगळी पोरं नाकाने फुगे फुगवायला आमच्या दारात जमायला लागली.

पावसाळा मधे आला. पावसाळ्यात दिव्यात चिखल आणि घरात सर्दी, दोन्ही ठरलेली. मुदत संपल्यावरच्या चाचणीत रेषा पुन्हा सपाट आणि डावा कानही उजव्याच्या रांगेत आलेला. रात्रीचं श्वास अडणं चालूच. आता डॉक्टरबाईंनी शस्त्रक्रिया सांगितली: अ‍ॅडिनॉइड काढायची आणि दोन्ही पडद्यांत ग्रोमेट नावाच्या चिमुकल्या नळ्या बसवायच्या. दादाने पहिला प्रश्न विचारला, ‘गणपतीनंतर चालेल?’ डॉक्टरबाईंना हा प्रश्न नवा नसावा. आग लागलेली नाही, गणपतीनंतर या, म्हणाल्या.

म्हणून दिव्याहून गाडी पकडून आम्ही सगळे गावी गेलो. तिथे आईने स्वतःची चाचणी घेतली. ओवी ओटीवर पाट मांडत होती. आई तिच्या पाठीमागे उभी राहून हळूच म्हणाली, ‘ओवी, मोदक होयो?’ मोदक म्हणजे ओवीचा जीव. ओवी पाट मांडत राहिली. आईने पुन्हा विचारलं, थोडं मोठ्याने. मग काही न बोलता ती स्वयंपाकघरात गेली आणि लसणीच्या तेलाची वाटी तिने आमटीच्या फोडणीला वापरून टाकली. त्यानंतर तेलाचा विषय तिने काढलेला नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवशी भीती होती ती भुलीची. पाच वर्षांचं मूल, सहा तास अन्न नाही, भुलीच्या दोन तास आधी पाणीही बंद. ओवी पाण्यासाठी रडली, वहिनी तिच्याबरोबर. बाहेरून कुठे कापायचं नसतं. अ‍ॅडिनॉइड तोंडातून काढतात. कानाच्या पडद्याला बारीक छेद देऊन आतला द्रव ओढून घेतात आणि त्या छेदात मधोमध भोक असलेली चिमुकली नळी बसवतात, म्हणजे तुंबलेल्या नळीचं काम काही महिने ती करते. अमेरिकेतल्या आर्मस्ट्राँग नावाच्या डॉक्टरांनी १९५४ साली ही पद्धत पुन्हा प्रचारात आणली. डॉक्टरबाईंनी आम्हाला बाटलीतला द्रव दाखवला. मी पाणी पाणी ऐकत आलो होतो. प्रत्यक्षात तो बोटाला चिकटेल आणि ओढला तर तार येईल एवढा घट्ट होता.

घरी आल्यावर ओवीची पहिली तक्रार: ‘पंखा का ओरडतोय?’ मिक्सर लावला की कानांवर हात. आठवडाभर तोंडाला वास आणि आवाज गेंगाणा, हे दोन्ही आधी सांगून ठेवलेलं असल्यामुळे घाबरलो नाही. ताजं रक्त दिसलं तर रात्री-अपरात्रीही यायचं, हेही लिहून दिलं होतं. तशी वेळ आली नाही. केस धुताना कानात व्हॅसलीन लावलेला कापूस. घोरणं थांबलं तेव्हा वहिनी दोन रात्री उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघत होती.

हे कायमचं मिटलं असं कोणी म्हटलेलं नाही. ग्रोमेट साधारण सहा महिने ते वर्ष-दीड वर्षात पडदा स्वतःच बाहेर ढकलतो आणि छेद भरून येतो. काही मुलांत पाणी परत साठतं. म्हणून दर काही महिन्यांनी ठोकळे आणि डबा चालू आहेत.

खर्चाबद्दल एक सांगायला हवं. कान-नाक-घशाच्या काही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत येतात. कोणत्या रुग्णालयात कोणती येते, ते तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून आधीच विचारावं. आम्हाला हे दुसऱ्या एका पालकाकडून कळलं. मुलांच्या तपासणीचंही तसंच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची एकदा तपासणी होते. कानाचे आजार आणि कमी ऐकू येणं त्या यादीत आहे. पण दिव्यातली ओवीसारखी किती मुलं विनाअनुदानित खासगी शाळांत जातात! त्यांच्या दारात तपासणीचं पथक येत नाही. ती तपासणी आई-बापांनीच करून घ्यायची आणि आई-बाप लोकलमध्ये असतील तर काका-मावशीने.

मी आता जिन्यातल्या पालकांना एवढंच सांगतो. पोरगं तोंड उघडं टाकून झोपत असेल, घोरत असेल, टीव्ही मोठा लावत असेल, पाठीमागून मारलेली हाक त्याच्यापर्यंत जात नसेल किंवा शाळेतून ‘लक्ष नाही’ असा शेरा आला असेल, तर शिकवणी लावायच्या आधी श्रवणचाचणी करा. पहिलीच्या प्रवेशाच्या खर्चात दप्तर, गणवेश, रेनकोट यांच्याबरोबर तीही धरा. त्यात टोचत नाही, दुखत नाही आणि पोराला वाटतं आपण खेळायला गेलो होतो.